वसतिगृहाच्या मेसचा ओला कचरा: बायोगॅस, खताचे हौद की '२४ तासांत खत' यंत्र?

जयू_कऱ्हाड

अभियांत्रिकी महाविद्यालय, चार वसतिगृहं, ४५० मुलंमुली, मेस एकच. ओला कचरा रोज अंदाजे ७० ते ९० किलो. गावाबाहेर असल्यामुळे घंटागाडी येत नाही. सध्या वराहपालनवाला उचलतो, पण पावसाळ्यात त्याच्या दांड्या फार.

व्यवस्थापनापुढे तीन प्रस्ताव आहेत: विजेवरचं '२४ तासांत खत' यंत्र, बायोगॅस आणि विटांचे हौद. मेसच्या मागे ४० बाय ६० फूट मोकळी जागा आहे. आवारात विलायती शिरीष, काशिद, आंबा, वड आणि थोडी निलगिरी. माळी दोन. पाऊस भरपूर.

कुठला पर्याय घ्यावा? आकड्यांसकट सांगा. पर्यावरण दिनाच्या भाषणातले सल्ले नकोत, ते प्राचार्य देतात :)

---

वाफसा

'७० ते ९० किलो' यावर काहीच ठरवू नका. आधी आठवडाभर वजन करा, तेही तीन वेगळ्या बादल्यांत:

१. चिरण्यातला कचरा: देठं, सालं, कोबीची वरची पानं, लिंबाच्या फोडी
२. पातेल्यात उरलेलं: ताटात न गेलेलं अन्न
३. ताटातलं उष्टं

तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिली बादली कमी होत नाही, ती खतालाच जाणार. दुसरी म्हणजे माणसं मोजण्यातली चूक. तिसरी म्हणजे वाढण्याची पद्धत आणि चव. आठवडा पूर्ण घ्या, कारण शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळचं चित्र मंगळवार-बुधवारपेक्षा पार निराळं असतं.

साधा लटकता काटा पुरतो, ५० किलोचा. बादलीचं रिकामं वजन तिच्यावरच ऑइलपेंटने लिहून टाका, नाहीतर कोण वजा करतो आणि कोण नाही यात आठवडा वाया जातो. उष्ट्याची बादली जाळीची ठेवा. आमटी-ताकाचं पाणी धरून केलेलं वजन फसवं असतं, आणि ते पाणी पुढे हौदालाही नडतं.

---

पातेलं_भर

वाफसांशी सहमत. मोठ्या मेसच्या बाजूने थोडं.

दुसरी बादली बहुतेक ठिकाणी भात आणि पोळ्यांनी भरते. भात एकदम लावू नका. पहिल्या पंगतीला अंदाजाच्या ६० टक्के लावा, पुढचं पातेलं रांग बघून. मोठ्या पातेल्यातला भात शिजून निवळायला ३५-४० मिनिटं लागतात, म्हणजे जेवण साडेबाराला सुरू होत असेल तर दुसऱ्या भाताचा निर्णय पाऊणला घ्यायचा, सव्वाला नाही. पोळ्यांची कणीक मळून ठेवायला हरकत नाही, लाटणं मात्र रांगेच्या वेगाने.

आता मुख्य गोची. मेसचा 'कट' किंवा रिबेट (न घेतलेल्या जेवणाचे पैसे वजा होणं) सलग तीन दिवस गैरहजर असल्याशिवाय मिळत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. मग शनिवारी घरी जाणारा मुलगा कशाला सांगेल? त्याचे पैसे तर गेलेलेच असतात. एका वेळच्या जेवणाचा कट द्या, निदान भाजी-धान्याच्या खर्चाइतका, आणि कळवायची वेळ सकाळी ९ ठेवा. दुपारी भाजी चिरून झाल्यावर कळवण्याचा काही उपयोग नाही. ॲप नको. मेसच्या दारात क्रमांकाचे बिल्ले अडकवलेला खिळ्यांचा फळा जास्त चालतो: जेवणार नसाल तर बिल्ला उलटा.

कंत्राटदाराला पैसे कसे मिळतात तेही तपासा. हजेरीप्रमाणे मिळत असतील तर कट घेणारा मुलगा त्याला तोट्याचा, मग तो फळ्याकडे बघणारच नाही. कट झालेल्या ताटामागे त्याची मजुरी आणि गॅसचा भाग चालू ठेवला की हा विरोध मावळतो.

उरलेलं अन्न वाटायचं असेल तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत गेलं पाहिजे, किंवा ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे. दुपारचा भात संध्याकाळी देणं हे पुण्यकर्म नव्हे. कोमट भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

---

निंबोणी

तिसऱ्या बादलीसाठी: वाढायचा डाव छोटा करा, पोळी अर्धी मिळण्याची सोय करा आणि नवी भाजी चाखायला चमचाभर द्या. 'आज एवढे किलो उष्टं' असा फलक लावत असाल तर किलोबरोबर पदार्थाचं नावही लिहा. दुधी असला की आकडा चढतो हे आचाऱ्याला दिसलं पाहिजे, नुसतं मुलांना लाजवून काय होणार?

---

अडगळ

यंत्राबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी. बाजारात दोन जाती आहेत, आणि विक्रेते दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात.

पहिली जात: तापवून, ढवळून २४ तासांत तपकिरी भुकटी. हे वाळवण आहे, खत नाही. हिशेब बघा. ८० किलो ओल्या कचऱ्यात साधारण ६० किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला, ते तापवण्यासकट, किमान ०.७ युनिट लागतं. म्हणजे रोज ४० युनिट, तेही उष्णता अजिबात वाया जात नाही असं धरून. दहा रुपये युनिटने महिन्याचे १२,००० रुपये, पाणी उडवण्यासाठी.

विक्रेत्याच्या नमुन्याची परीक्षा सोपी आहे. दोन मुठी भुकटी ओली करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, तीन दिवसांनी उघडा. आंबूस किंवा कुजका वास, पांढरी बुरशी, पिशवी फुगलेली असेल तर कुजणं अजून व्हायचंय, ते तुमच्या गुलाबाच्या मुळाशी होईल. दुसरी परीक्षा मेथीची: निम्मी भुकटी, निम्मी माती, त्यात २० दाणे, शेजारी नुसत्या मातीत २०. पाच-सहा दिवसांत फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी जात: कचरा बारीक करून भुसा आणि विरजण मिसळणारं यंत्र. माल पुढे क्रेटमध्ये १०-१५ दिवस मुरतो. हे प्रामाणिक आहे. पण खत क्रेटमध्ये होतं, यंत्र फक्त मिक्सर. भुसा विकत आणावा लागतो आणि तो लाकडाच्या वखारीतला हवा. प्लायवूडच्या कामातला नको, त्यात डिंक-रसायनं असतात.

---

जयू_कऱ्हाड

अडगळ, पिशवीची परीक्षा उद्याच करते. विक्रेत्याने दिलेली डबी टेबलावरच आहे.

हौद आणि बायोगॅस यांची मापं कोणी देईल का?

---

वाफसा

हौदांची देतो. हिशेब ८० किलोचा.

कोरडं किती: मेसचा कचरा पाणी आणि नत्राने भरलेला असतो, म्हणून तीन किलो ओल्याला एक किलो वाळका पाला. म्हणजे रोज २७ किलो. एका भाग नत्राला कार्बन २५ भागांच्या वर जातो आणि ओल ५८-६० टक्क्यांवर येते. आकारमानाने सांगायचं तर ओल्याच्या एका बादलीला सुट्या पाल्याच्या तीन बादल्या. माळ्याला बादलीच सांगा, किलो नको.

हौद: ४ बाय ४ बाय ४ फूट, जाळीची (विटांमधे भोकं सोडलेली) वीटबांधणी, पुढची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची. रोजचं मिश्रण साधारण पाव घनमीटर होतं आणि भराभर बसतं, त्यामुळे एका हौदात एक आठवडा मावतो. आठ आठवड्यांचे आठ आणि उलटवायला एक रिकामा, असे नऊ. समोरासमोर दोन ओळी, मधे ढकलगाडी वळेल इतकी ८ फुटांची वाट. तुमच्या जागेत हे बसून निम्मी जागा उरते.

तळ: सिमेंटचा, ५० फुटांना एक फूट उतार, पन्हाळीतून पिंपात. प्रत्येक हौदाच्या तळाशी ८-९ इंच जाड काड्या किंवा उसाचं पाचट, हवा तिथूनच आत येते. हा थर चुकवला की खालचा फूटभर भाग कुजका, काळा आणि चिकट होतो.

छप्पर: हवंच. ९-१० फूट उंच, आणि पाऊस तुमच्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, तर त्या बाजूला पत्रा तीन फूट पुढे काढा. सरळ पावसापेक्षा तिरका झोत हौद बुडवतो.

रोजचं काम: कचरा जाळीत तासभर निथळवा. कोबीचे गड्डे, फणसाची चारखंडं, केळीचे दांडे कोयत्याने तोडा. पाला आणि कचरा जमिनीवर एकत्र कालवून मग हौदात टाका. नुसते थर दिले तर भाताचा लगदा मधेच पोळीसारखा बसतो आणि त्यात हवा शिरत नाही. वर दोन इंच पाल्याचं किंवा तयार खताचं पांघरूण. विकतचं कल्चर लागत नाही. जुन्या हौदातलं अर्धवट मुरलेलं खत मिश्रणाच्या दहाव्या हिश्शाने घाला, विरजण तेच.

उलटवणं: आठवड्याला एकदा, पुढच्या हौदात. बाहेरचा भाग आत गेला पाहिजे.

तापमान: तिसऱ्या-चौथ्या दिवशी ५५ ते ६५ अंश. लांब दांड्याचा तापमापक नसेल तर १० मिलिमीटरची सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर मुठीत धरवली नाही तर ठीक. कोमट लागली तर ढीग एकतर चिखल झालाय किंवा कोरडा पडलाय: मूठभर पिळून बघा. बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच सुटूही नये.

आठ आठवड्यांनी चाळा, वाळूची चाळण चालते. रोज ३० किलोच्या आसपास खत पडेल. जाड तुकडे पुन्हा पहिल्या हौदात.

---

गोबरगणेश

बायोगॅसच्या बाजूने. हौदवाले आमच्याकडे तिरक्या नजरेने बघतात म्हणून आधी आकडे.

८० किलो मेसचा कचरा, तेवढंच पाणी, रोज १६० लिटर रबडी. पचायला ४० दिवस धरले तर ६.४ घनमीटर, म्हणून ८ ते १० घनमीटरची टाकी घ्या. एका किलोला साधारण ०.१ घनमीटर गॅस, रोज ८. एक घनमीटर गॅस म्हणजे ०.४३-०.४५ किलो एलपीजी, तेव्हा रोज साडेतीन किलो. मोठी कँटीन शेगडी तीन-साडेतीन तास चालते. महिन्याला १९ किलोचे साडेपाच सिलिंडर वाचतात. अख्खी मेस यावर चालणार नाही, चहा-नाश्त्याची एक शेगडी चालेल. कोणी अर्धी मेस चालवून दाखवतो म्हणाला तर त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवा.

पुण्याच्या 'आरती' (ARTI) या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने प्लास्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्यांचं घरगुती संयंत्र केलं आणि त्याला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ अन्नातून किलोमागे कितीतरी जास्त गॅस मिळतो, ही त्यातली कळीची गोष्ट. तुमच्या मेसचा कचरा नेमका तसाच, भात-पोळी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' हे मोठ्या मापाचं काम: आधी गरम पाण्याच्या मदतीने हवेत पचवणारी टाकी, मग मुख्य टाकी. टनाच्या भाषेत बोलणाऱ्या आवारांना ते शोभतं, ८० किलोला भारी पडेल.

चालू करताना टाकी ताज्या शेणाच्या रबडीने भरा. दोन-तीन आठवड्यांत गॅस येतो. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवा जास्त. तो मोकळ्यावर, विस्तवापासून लांब सोडून द्या. मग दिवसाला १० किलोपासून सुरू करून पाच-सहा आठवड्यांत ८० वर जा.

बिघाड जवळजवळ एकाच वाटेने येतो: टाकी आंबते. एका दिवशी फीस्टचं तेलकट, गोडधोड अन्न दुप्पट टाकलं, की आम्ल करणारे जंतू भराभर पुढे जातात आणि मिथेन करणारे मागे पडतात. खुणा: गॅस आहे पण ज्योत धरत नाही, बाहेर येणाऱ्या मळीला शिरक्यासारखा वास, पीएच कागदावर ६.५ च्या खाली. हवा ६.८ ते ७.४. उपाय: खाद्य पूर्ण बंद, शेणाची रबडी, चुन्याची निवळी थोडी थोडी, आणि पीएच सावरल्यावर पाव मात्रेने पुन्हा सुरुवात. चुना एकदम ओतू नका, पीएच उसळतो.

टाकीत जाऊ नये: अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याच्या कोयी, नारळाची शेंडी, कांद्याची सालं, मक्याची कणसं. लिंबू-मोसंबीची सालं मूठभर चालतात, रसवंतीचा कचरा नाही.

नळी: सर्वांत खालच्या बिंदूला पाणी काढायचा कॉक. गॅसबरोबर वाफ येते, नळीत पाणी साचतं, ज्योत फडफडते आणि लोक म्हणतात प्लांट बंद पडला. शेगडीआधी लोखंडाच्या चुऱ्याची गाळणी, सडक्या अंड्याचा वास देणारा वायू तिथे धरला जातो. नाहीतर शेगडीचं पितळ काळं पडून झिजतं. बायोगॅसच्या शेगडीचं भोक मोठं लागतं, एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका आणि दोन्ही गॅसच्या नळ्या एकत्र तर कधीच करू नका. सांधे साबणाच्या फेसाने दर आठवड्याला तपासा. टाकीत माणूस उतरवायचा नाही, काहीही अडकलं तरी.

---

अडगळ

गणेशराव, रोज १६० लिटर आत म्हणजे रोज १६० लिटर बाहेर. ती मळी कुठे जाणार? प्रस्तावांमध्ये या प्रश्नाला 'बागेसाठी उत्तम द्रवखत' असं एका ओळीत उडवलेलं असतं. जुलैत कऱ्हाडकडच्या बागेला द्रव हवाय कुणाला?

---

गोबरगणेश

प्रश्न रास्त. दोन वाटा आहेत.

एक, कचरा पातळ करायला निम्मं ताजं पाणी आणि निम्मी बाहेर आलेली मळी गाळून वापरा. बाहेर जाणारं प्रमाण पाव हिश्शाने घटतं, १६० चे १२० लिटर. पूर्ण मळीच फिरवली तर मीठ आणि अमोनिया साठत जातो, म्हणून निम्म्यावर थांबा.

दोन, उरलेली पाल्याच्या ढिगावर. नुसत्या पाल्यात नत्र कमी असतं, मळीने ते भरून निघतं. वाळका पाला वजनाच्या दीडपट-दुप्पट पाणी धरतो, तेव्हा १२० लिटर मळीला रोज ६०-८० किलो पाला हवा. उन्हाळ्यात जमेल. पावसाळ्यात मात्र छपराखालचा साठवलेला पाला लागेल.

---

निंबोणी

दोघांचाही हिशेब वर्षभर मेस सारखी चालते असं धरून चाललाय. कॉलेजात तसं नसतं. कॅलेंडर मांडून बघा:

मुलं उन्हाळी सुट्टीला गेली की कचरा जवळजवळ शून्य. पावसात मेस पुन्हा भरते, म्हणजे कचरा सर्वांत ओला, हवा सर्वांत दमट आणि पालाही ओला. दिवाळीत पुन्हा रिकामं. पानगळ मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिरीष तेव्हा आवार भरून टाकतो. पाला येतो तेव्हा जाळला जातो, लागतो तेव्हा नसतो.

बायोगॅसचे जंतू सुट्टीत उपाशी मरतात, हे मला सर्वांत मोठं अडचणीचं वाटतं.

---

गोबरगणेश

मरत नाहीत. महिना-दीड महिना उपाशी राहिले तरी ते तग धरतात, मंदावतात इतकंच. प्लांट बंद पडतो तो पुन्हा सुरू करताना. मुलं आली, त्याच दिवशी ८० किलो ओतलं, टाकी आंबली. सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात २० किलो, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०, हे भिंतीवर रंगवून ठेवा. त्या काळातला जास्तीचा कचरा हौदात गेला पाहिजे, म्हणजे बायोगॅस केला तरी दोन-तीन हौद लागतातच.

आणि सुट्टीच्या पहिल्या पंधरवड्यात गॅस येतच राहतो. तो जाळा, सोडू नका. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. वापराविना सुटलेला बायोगॅस म्हणजे पर्यावरणाच्या नावाने उलटा कारभार.

---

वाफसा

निंबोणीताईंनी कॅलेंडर काढलं ते बरं झालं. पाल्याचा साठा हाच पूर्ण विषयाचा खिळा आहे.

पावसाळ्याचे चार महिने, रोज २७ किलो, म्हणजे सव्वातीन टन वाळका पाला. सुटा ठेवायला ६५ घनमीटर लागतात, कोणी देणार नाही. पाला कुटणाऱ्या यंत्रातून काढला तर तिसऱ्या हिश्शात बसतो. साखरेच्या ५० किलोच्या गोणीत कुटलेला पाला १२-१५ किलो मावतो. सव्वादोनशे ते पावणेतीनशे गोणी, विटांवर फळ्या टाकून छपराखाली. मार्चअखेर भरून झाल्या पाहिजेत. अवकाळी आला की भिजलेला पाला गोणीत तापतो आणि वाया जातो.

कुठली पानं: शिरीष आणि काशिदची बारीक, कुटायचीही गरज नाही. आंबा, वड, पिंपळ चिवट, कुटल्याशिवाय घेऊ नका. निलगिरी एकूण पाल्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत. आणि तुम्ही ऊस पट्ट्यात आहात, गळीत हंगामात पाचट शेतकरी बांधावर जाळतात. एक ट्रॉली मागून आणा, तळाच्या थराला आणि साठ्याला दोन्हीला होईल. तोडून घ्या मात्र, लांब पाचट फावड्याला गुंडाळतं.

---

सनदी_बोका

कागदोपत्री बाजू, कोणाला नोटशीट लिहायची असेल तर.

दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना, त्यात महाविद्यालयं आणि वसतिगृहंही, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मोठे कचरा निर्माते म्हटलं. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. इथे ओलाच ७०-९० आहे, सुका धरला की आकडा १०० च्या पुढे जातो.

पाला जाळण्याबद्दल: डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये भरपाई. 'माळीमामा सकाळी थोडा पाला पेटवतात' हे कागदावर महाग पडतं.

---

जयू_कऱ्हाड

बरंच स्पष्ट झालं. पिशवीची परीक्षा: पिशवी फुगली आणि वास आंबलेल्या डोशाच्या पिठाचा. प्रस्ताव क्रमांक एक बाद.

आता शंका. एक, अळ्या. मुलींचं वसतिगृह ३०० फुटांवर आहे, एक अळी दिसली की रेक्टरबाईंकडे अर्ज. दोन, घुशी. तीन, हे खत आमच्या रोपवाटिकेत चालेल का?

---

वाफसा

अळ्या दोन प्रकारच्या. बारीक, पांढऱ्या, वळवळत्या असतात त्या घरमाशीच्या, आणि त्या दिसल्या की पांघरूण राहिलेलं असतं. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी सात ते दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्याचं उलटवणं चुकवायचं नाही. बाहेरची अंडी आत ५५ अंशांत गेली की संपली. जाड, चपट्या, करड्या-तपकिरी, खरबरीत अळ्या 'काळ्या सैनिक माशी'च्या. ती माशी अन्नावर बसत नाही, चावत नाही, अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. पण त्यांची गर्दी म्हणजे ढीग फार ओला आहे. पाला वाढवा.

वासावरून निदान: अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त, पाला कमी. सडक्या अंड्याचा आला तर हवा नाही, त्याच दिवशी उलटवा. वर राखेसारखी पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती गरम ढिगात येतेच.

घुशी: तळ सिमेंटचा, जाळीबांधणीच्या भोकांना आतून अर्धा इंची वेल्डमेश, फळ्यांखाली फट नको. मासळी-मटणाच्या दिवशीची हाडं हौदाच्या मध्यात, वर दुप्पट पाला.

---

अडगळ

रोपवाटिकेबद्दल: थेट नको. मेसच्या अन्नात मीठ असतं आणि ते कुजत नाही, खतात एकवटतं. शासनाच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला क्षारतेची मर्यादा ४ डेसिसायमन प्रति मीटर आहे. कृषी महाविद्यालयाच्या माती प्रयोगशाळेत एक नमुना तपासून घ्या. एक भाग खत, चार भाग माती हे झाडांना आणि कुंड्यांना चालतं. बी पेरायच्या ट्रेमध्ये पाल्याचंच निराळं खत वापरा. मीठ जास्तच निघालं तर खत एका पावसात छपराबाहेर, पसरून धुवून घ्या. थोडं नत्र जाईल, पण क्षार उतरतील.

---

पातेलं_भर

हौदात हमखास सापडणाऱ्या गोष्टी: चमचे (वर्षाचा चमच्यांचा खर्च इथेच जातो), सॉसच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, कागदी कप. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, कागद कुजतो आणि पापुद्रा राहतो. चाळणीवर तो थर झालरीसारखा लोंबताना दिसतो. ताट विसळायच्या जागी उष्ट्याच्या पिंपावर स्टीलची जाळी आणि कडेला लोहचुंबकाची पट्टी लावा, जे चमचे चुंबकाला धरतात ते तिथेच अडकतात.

गॅदरिंगला पत्रावळी, सुपारीच्या ताटल्या आणणार असाल तर त्या हौदात अख्ख्या टाकू नका. एकावर एक चिकटून पन्नासचा गठ्ठा तसाच निघतो. कुटा. 'विघटनशील' छाप्याचे चमचे-पिशव्या घरगुती ढिगात सहसा जिरत नाहीत. त्यांना कारखान्याच्या मापाची, दीर्घकाळ टिकणारी उष्णता लागते. सर्वांत स्वस्त म्हणजे २०० स्टीलची ताटं कपाटात, अनामत घेऊन देणं.

---

जयू_कऱ्हाड

मग नऊ हौद आणि पाल्याचं गोदाम आधी, बायोगॅस पुढच्या वर्षी वजनाचे आकडे बघून, असं लिहिते. दोन माळ्यांत हे होईल का?

---

वाफसा

रोज निथळणं, तोडणं, कालवणं, भरणं: एका माणसाचे दीड ते दोन तास. आठवड्याचं उलटवणं: दोघांचा अर्धा दिवस, कारण सगळे हौद एकेक घर पुढे सरकतात. सर्वांत जुना आधी रिकामा करा, मग मागून पुढे. माळ्यांच्या सध्याच्या कामात हे नुसतं चिकटवू नका, आदेशात तास लिहा आणि सुट्टीच्या दिवसाचा बदली माणूस नावानिशी. रविवारचा कचरा सोमवारपर्यंत पिंपात राहिला की आठवडाभर वास जात नाही. गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, धनुर्वाताची लस आणि हात धुवायला साबणाचा नळ हौदांजवळच.

---

सनदी_बोका

निविदेत दोन ओळी टाका. पाला कुटायच्या यंत्राला 'वाळक्या आंब्याच्या पानांवर तासाला अमुक किलो' अशी प्रत्यक्ष चाचणी, आणि पात्यांचा एक जादा संच किमतीत धरून. पाल्यात खडे येतातच, पाती महिन्या-दोन महिन्यांत बोथट होतात आणि मग बिल पास होईपर्यंत यंत्र कोपऱ्यात पडतं. छपराच्या अंदाजपत्रकात पन्हाळी स्वतंत्र बाब म्हणून लिहा, ठेकेदार तीच गाळतात.